शिलाहारकालीन कोल्हापूर : राजवंश, धर्मपंथ आणि समाज
(चीनमधील समकालीन व्यवस्थेच्या संदर्भात एक अभ्यास)

प्रस्तावना :

प्राचीन चीनवरील पाठ्यपुस्तकांत राजवंश, तत्त्वज्ञाने आणि समाज अशा तीन शीर्षकांखाली विषयाची मांडणी करण्याची रीत रूढ आहे. चिन, हान, थांग, सुंग हे राजवंश. कन्फ्यूशियस, ताओ आणि बौद्ध ही तीन मते. आणि त्या मतांनी घडविलेला समाज, असा तो क्रम असतो. दक्षिण महाराष्ट्राच्या इतिहासाकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. येथे राजवंशाचा इतिहास लढायांच्या यादीत संपतो, धर्मपंथांचा इतिहास त्या त्या पंथाचे अभ्यासक स्वतंत्रपणे लिहितात, आणि समाज बहुधा शेवटच्या परिच्छेदात उरतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या होत्या हे ज्या घराण्याच्या लेखांतून विशेष स्पष्टपणे दिसते ते घराणे म्हणजे कोल्हापूरचे शिलाहार होय.

या घराण्यातील गंडरादित्य या राजाने मिरिंज देशातील इरुकुडी येथे एक मोठा तलाव बांधला आणि त्यास आपल्या नावावरून 'गंडसमुद्र' असे नाव दिले. या तलावाच्या काठी त्याने ईश्वर (शिव), बुद्ध आणि अर्हत् (जिन) या तीन देवतांची स्थापना केली व प्रत्येकीच्या पूजेअर्चेसाठी जमीन नेमून दिली. ही माहिती शके १०३२ म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटातून मिळते. या एका घटनेचा उल्लेख कोल्हापूरच्या इतिहासावरील बहुतेक लेखनात आढळतो आणि तो करताना 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द जवळजवळ आपोआप येतो. हा शब्द विसाव्या शतकातील आहे. बाराव्या शतकातील राजाच्या कृतीस तो लावल्याने राजाचा गौरव होतो, परंतु त्याने तसे का केले, त्यासाठी लागणारी साधने कोठून आली आणि त्याच्या राज्यातील अन्य लोक त्याच काळात काय करीत होते, हे प्रश्न बाजूस पडतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार शिलाहारांच्या उपलब्ध कोरीव लेखांच्या आधारे केला आहे.

साधने :

शिलाहारांविषयी समकालीन बखर वा चरित्रग्रंथ नाही. जे आहे ते शिलालेख आणि ताम्रपट. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात या घराण्याची सुसंगत हकीकत दिली. कीलहॉर्न, बार्नेट आदी विद्वानांनी लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांनी संस्थानातील व उत्तर कर्नाटकातील कन्नड लेखांचा संग्रह १९३९ मध्ये सिद्ध केला. प्रवासाची साधने तुटपुंजी असताना एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने केलेले हे काम आजही उपयोगी पडते. पुढे म. म. वा. वि. मिराशी यांनी तिन्ही शिलाहार शाखांचे लेख एकत्र संपादित केले (१९७७).

या साधनांची एक मर्यादा आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. कोरीव लेख हा दानाचा दस्तऐवज असतो. ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे आणि ज्याला घेण्याचा अधिकार आहे त्या दोघांचीच नोंद त्यात होते. जमीन कसणारा, तलाव खणणारा, मंदिराचा दगड घडविणारा यांच्याविषयी हे लेख जवळजवळ मौन बाळगतात.

पूर्वपीठिका :

गंडरादित्याच्या तलावाकाठी बुद्ध कोठून आला हे समजण्यासाठी कोल्हापूरचा आधीचा हजार वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी ही या शहराची सर्वांत जुनी वस्ती. तेथे १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केले. त्या सुमारास येथे सापडलेल्या कांस्यवस्तूंच्या संचयात ग्रीक सागरदेव पोसायडन याची लहान मूर्ती होती. सह्याद्रीच्या या बाजूस, समुद्रापासून दूर, समुद्राच्या परकीय देवाची मूर्ती मिळावी यावरून सातवाहनकालीन कोल्हापूरचा व्यापार किती लांबवर पोहोचला होता याची कल्पना येते. विळिवायकुर, सिवलकुर ही नावे धारण करणाऱ्या स्थानिक राजांची नाणीही येथलीच.

त्याआधी १८७७ मध्ये शहरात एका बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडकीस आले होते. त्यात स्फटिकाचा करंडक मिळाला आणि सोबतच्या ब्राह्मी लेखावरून हे दान बम्ह नावाच्या दात्याचे असून ते काम धमगुत याने करविले असे कळते. कोल्हापूरच्या इतिहासात नावानिशी ज्ञात असलेल्या पहिल्या दात्यांपैकी हे दोघे, आणि त्यांच्या नावापुढे राजपद नाही. जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळे येथील लेणीही या परिसरातील बौद्ध वस्तीची साक्ष देतात.

इ. स. ६४१ च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला तेव्हा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. या देशात शंभरावर संघाराम आणि सुमारे ५,००० भिक्षू असून देवमंदिरेही शंभराच्या आसपास आहेत, असे त्याने नमूद केले आहे. चिनी प्रवाशाची ही नोंद आणि गंडरादित्याचा ताम्रपट यांच्यामध्ये सुमारे पावणेपाचशे वर्षांचे अंतर आहे. या काळात बौद्ध संघाराम ओस पडत गेले, जैन वसदींची संख्या वाढली आणि महालक्ष्मीचे क्षेत्र म्हणून कोल्हापूरची ख्याती झाली. राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याने प्रजेवरील संकट टळावे म्हणून आपले बोट महालक्ष्मीस अर्पण केल्याचा उल्लेख शके ७९३ (इ. स. ८७१) च्या संजान ताम्रपटात आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असे सामान्यतः मानले जाते. विशेष म्हणजे जैन परंपरा ज्याला आपला आश्रयदाता मानते तोच हा राजा होय.

शिलाहार राजवंश :

शिलाहारांच्या तीन शाखा होत्या. पहिली उत्तर कोकणात, दुसरी दक्षिण कोकणात व तिसरी कोल्हापूर-मिरज-कराड या पट्ट्यात राज्य करीत होती. तिन्ही शाखा आपला वंश जीमूतवाहन या विद्याधरापासून सांगत आणि 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद धारण करीत. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. कोल्हापूर शाखेची आणखी दोन चिन्हे होती : महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचा अभिमान आणि ध्वजावरील सोन्याचा गरुड.

हे राजे सार्वभौम नव्हते. ते कल्याणीच्या चालुक्यांचे महामंडलेश्वर होते. मारसिंहाचा मिरज ताम्रपट शके ९८० (इ. स. १०५८) चा आहे. त्याच्यानंतर त्याचे पुत्र एकामागून एक गादीवर आले व त्यांपैकी गंडरादित्याने सुमारे ३० वर्षे राज्य केले. त्याचा पुत्र विजयादित्य याने कल्याणीचे सिंहासन बळकावणाऱ्या कलचुरी बिज्जलास साह्य केल्याचा दावा घराण्याच्या लेखांत आहे. विजयादित्याचा पुत्र दुसरा भोज हा या शाखेचा शेवटचा राजा. पन्हाळ्याचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले असून, या भागातील कोणत्याही जुन्या किल्ल्याचे बांधकाम 'भोजराजा'च्या नावावर घालण्याची लोकपरंपरा इतकी बळकट आहे की, त्यातून खरी बांधकामे वेगळी काढणे अवघड झाले आहे.

राजकीय इतिहासातून एवढी एक गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे : हे राज्य लहान होते, मांडलिक होते, आणि त्याच्या चारही बाजूंस त्याच्यासारखीच लहान मांडलिक घराणी होती.

गंडसमुद्र आणि तीन देवता :

ताम्रपटात गंडरादित्याच्या दानांची जी नोंद आहे तीत गंडसमुद्र एकटा नाही. प्रयाग येथे एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घातल्याचा उल्लेख त्यात आहे. हे प्रयाग उत्तरेतील नसून कोल्हापूरजवळचे असले पाहिजे, असे भांडारकरांनी दाखवून दिले. नद्यांच्या संगमावरील प्रयाग चिखली हे गाव कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे. एक लक्ष ही संख्या अर्थातच प्रशस्तीच्या परिभाषेतील आहे. आजरे येथे याच राजाने जैन मंदिर बांधले. याचा अर्थ असा की, ब्राह्मणभोजन, जैन मंदिर आणि त्रिदेवतांचा तलाव ही एकाच राजाच्या दानकर्माची तीन अंगे आहेत. राजाची वैयक्तिक उपासना कोणतीही असो, त्याच्या दानाची व्याप्ती त्या उपासनेने ठरत नव्हती.

इरुकुडी म्हणजे हातकणंगले तालुक्यातील आजचे रुकडी, असे मानले जाते. तेथे तलाव बांधणे ही धार्मिक कृती होतीच, पण ती आर्थिक कृतीही होती. पंचगंगा व वारणा यांच्या मधल्या प्रदेशात नदीकाठची काळी जमीन सुपीक असली तरी नदीपासून दूर गेल्यावर पाण्याची सोय माणसालाच करावी लागते. तलावाने भिजणारी नवी जमीन लागवडीखाली येते, तेथे वस्ती वाढते, आणि वस्तीत येणाऱ्यांचे देव एकच असत नाहीत. तीन देवतांची स्वतंत्र स्थापना आणि तिघांना स्वतंत्र जमीन, या व्यवस्थेकडे या दृष्टीने पाहिले असता राजाने आपल्या तलावाभोवती तीन प्रकारच्या उपासकांना जागा करून दिली असे दिसते. ज्याला जागा दिली तो राजाच्या पक्षाचा होतो, हे राजनीतीचे जुने सूत्र येथेही लागू पडते.

बुद्धाच्या मूर्तीबाबत एक शंका उपस्थित होऊ शकते. बाराव्या शतकापर्यंत बुद्ध हा विष्णूच्या अवतारांत गणला जाऊ लागला होता. तेव्हा इरुकुडीचा बुद्ध हा अवतार म्हणून स्थापिला असावा काय? तसे मानण्यास दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे येथे विष्णूच नाही. शिव आणि जिन यांच्या जोडीला बुद्ध स्वतंत्र देवता म्हणून येतो आणि त्याच्या नावे वेगळी जमीन आहे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. गदगजवळील डंबळ येथे इ. स. १०९५-९६ च्या लेखात बुद्ध व तारादेवी यांच्या विहारांना मिळालेल्या दानाची नोंद आढळते, आणि त्यामागे तेथील श्रेष्ठी म्हणजे व्यापारी होते. गंडरादित्याच्या ताम्रपटापूर्वी अवघी १५ वर्षे, चालुक्य साम्राज्याच्याच दुसऱ्या भागात, बौद्ध विहार चालू होता आणि त्यास पोसणारा वर्ग व्यापाऱ्यांचा होता. इरुकुडीचा बुद्ध अशाच कोणा उपासकांसाठी असावा, असा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

दाते कोण होते?

शिलाहार लेखांचे खरे मोल राजाच्या दानात नाही. राजाखालील माणसांनी केलेल्या दानांत ते आहे, आणि नेमका हाच भाग सामान्य इतिहासलेखनात संक्षेपाने उरकला जातो.

गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण वसदी बांधली. 'रूपनारायण' हे गंडरादित्याचे बिरुद होते. जैन मंदिराला राजाच्या बिरुदाचे नाव, आणि त्या बिरुदात विष्णूचे नाव, ही गोष्ट पंथांच्या सीमा किती सैल होत्या हे सांगते. या वसदीचे आचार्य माघनंदी सैद्धांतिक हे मूलसंघ, देशीय गण, पुस्तक गच्छ या परंपरेतील होते. त्यांचा प्रभाव शिलाहार राज्यापुरता नव्हता. रट्टांच्या राज्यातील तेरदाळ येथे मांडलिक गोंक याने नेमिनाथाचे मंदिर बांधले तेव्हाही माघनंदींचे नाव पुढे येते. राज्यांच्या सीमा एक होत्या आणि गुरुपरंपरेच्या सीमा दुसऱ्याच होत्या.

विजयादित्याच्या काळातील शके १०६५ (इ. स. ११४३) च्या लेखात वासुदेव नावाच्या माणसाने बांधलेल्या जैन मंदिराची नोंद आहे. हा वासुदेव माघनंदींचा गृहस्थ शिष्य आणि कामदेव या सामंताचा 'हडपवळ' होता. हडपवळ म्हणजे तांबूलाचा करंडा बाळगणारा सेवक. हे पद विश्वासाचे असले तरी शेवटी ते सेवकाचेच. सामंताच्या पदरी विडा देणारा माणूस मंदिर बांधतो आणि राजा त्या मंदिरासाठी जमीन देतो.

कागलजवळील बामणी येथील शके १०७३ (इ. स. ११५०-५१) च्या लेखात दाता आहे चोधोरे कामगावुंड. गावुंड म्हणजे गावचा प्रमुख, पुढील काळच्या परिभाषेत पाटील. त्याने पार्श्वनाथाचे मंदिर बांधले आणि माघनंदींचे शिष्य अर्हनंदी यांस दान देण्यात आले. या लेखात कामगावुंडाच्या पित्याबरोबर त्याच्या मातेचे आणि पत्नीचेही नाव कोरलेले आहे. दानलेखांच्या पुरुषप्रधान जगात गावातील कर्त्या घराण्याच्या स्त्रिया निदान नावाने तरी आपल्यापर्यंत पोहोचतात. जैन म्हटले की व्यापारी, अशी जी समजूत अन्यत्र प्रचलित आहे ती कोल्हापूर-सांगली भागात टिकत नाही. येथील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे. कामगावुंडासारख्या दात्यांकडे पाहिले असता ही स्थिती अलीकडची नसून तिची मुळे गावगाड्यात खोलवर गेलेली आहेत असे दिसते.

आता या दानांचे आकारमान पाहावे. शके १०६५ च्या लेखात कुंडी प्रदेशाच्या मापाने पाव निवर्तन शेत आणि १२ हातांचे एक घर दिलेले आहे. बामणीच्या लेखातील दानही त्याच धर्तीचे असून त्यात फुलबागेची भर आहे. निवर्तनाचे माप प्रदेशागणिक बदलत असे. परंतु कोणत्याही मापाने पाव निवर्तन म्हणजे लहानसा तुकडाच. त्यातून भागवायचे काय, तर देवाची अष्टविध पूजा, मंदिराची डागडुजी आणि मुनींचा आहार. हे दान एका मंदिरास जेमतेम जिवंत ठेवण्यापुरते आहे. साहजिकच मंदिर चालू राहण्यासाठी गावातील लोकांच्या वर्गणीवर, वाणांवर, श्रमावर अवलंबून राहणे भाग होते. राजा मंदिरास स्वयंपूर्ण करीत नसे. तो त्याला मान्यता देत असे.

व्यापाऱ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ऐहोळेच्या पाचशे स्वामींच्या नावाने ओळखला जाणारा वीर-बणंजांचा संघ हा त्या काळी दक्षिणेतील मोठा व्यापारी संघ होता. कोल्हापूरच्या शके १०५८ च्या लेखात या संघाच्या व्यापाऱ्यांनी, निंबदेवाने बांधलेल्या पार्श्वनाथ मंदिरासाठी, विक्रीस येणाऱ्या मालावर ठरावीक हिस्सा लावून घेतल्याची नोंद आहे. पुढे सात-आठ वर्षांतच, शके १०६५-६६ मध्ये, मिरज येथे याच संघाने माधवेश्वर या शैव मंदिरास अशीच देणगी दिली. व्यापारी तेच, पद्धत तीच, फक्त गावाप्रमाणे देव बदलला. ज्या पेठेत माल उतरवायचा त्या पेठेतील मान्य देवस्थानास आपला वाटा देणे हा व्यापारी धर्माचा भाग होता. यास कोणी व्यवहार म्हणावे, कोणी श्रद्धा म्हणावे. त्या व्यापाऱ्यांनी हा भेद केला असता असे वाटत नाही.

चीनची तुलना :

येथे चीनचा संदर्भ उपयोगी ठरतो, कारण तेथेही एकाच समाजात तीन मते शेजारी नांदत होती. परंतु सत्तेशी असलेले त्यांचे नाते निराळे होते. इ. स. पू. २२१ मध्ये चिन राजवंशाने देश एकत्र केला आणि इ. स. पू. २१३ मध्ये प्रतिकूल मतांचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. हान सम्राट वू-ती याने इ. स. पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांच्या अध्यापनासाठी राजनियुक्त विद्वान नेमले व इ. स. पू. १२४ मध्ये राजविद्यालय स्थापन केले. तेव्हापासून कन्फ्यूशियसचे तत्त्वज्ञान हे राज्यकारभारात प्रवेश करण्याचे साधन बनत गेले. सुंग काळात (इ. स. ९६०-१२७९) परीक्षापद्धती पूर्णत्वास पोहोचली. कोणता ग्रंथ वाचावा आणि त्याचा कोणता अर्थ लावावा, यावर माणसाची नोकरी ठरू लागली.

थांग सम्राट वूत्सुंग याने इ. स. ८४५ मध्ये बौद्ध विहारांवर जी धाड घातली तिच्यात ४,६०० वर विहार मोडले गेले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत आणले गेले, असे चिनी राजदफ्तर सांगते. सम्राट स्वतः ताओ मताकडे झुकलेला होता हे खरे, पण विहारांकडे असलेली करमुक्त जमीन, तेथील मनुष्यबळ आणि मूर्तींचे धातू यांवर राज्याचा डोळा होता. पाव निवर्तनाच्या मंदिरावर अशी धाड घालण्याचे कारण कोल्हापूरच्या राजाला पडले नसते. मोठे राज्य आणि मोठा मठ हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होऊ शकतात. लहान राज्य आणि लहान वसदी यांना एकमेकांचा आधार लागतो.

आणखी एक तुलना समकालीन आहे. दक्षिण सुंग सम्राट श्याओत्सुंग (राज्यकाल इ. स. ११६२-११८९) हा आपल्या विजयादित्य व दुसऱ्या भोजाचा समकालीन. त्याने तीन मतांविषयी एक छोटा निबंध लिहिला. मनाच्या शुद्धीसाठी बौद्ध मत, शरीराच्या पोषणासाठी ताओ मत आणि जगाच्या कारभारासाठी कन्फ्यूशियसचे मत, अशी वाटणी त्याने त्यात सुचविली. तिघांनाही स्थान आहे, पण कारभार एकाच्याच हाती. त्याच काळात चू शी (इ. स. ११३०-१२००) हा तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर जे भाष्य लिहीत होता तेच पुढे, इ. स. १३१३ पासून, राजकीय परीक्षांचे प्रमाण ठरले. शिलाहारांच्या लेखांत अशी वाटणी कोठेही नाही. माघनंदींचा सिद्धांत शिकल्याने कोणास सामंतपद मिळत नव्हते आणि न शिकल्याने ते जात नव्हते. तत्त्वज्ञान कारभारात शिरले नाही, ते देवस्थानात राहिले. याचा लाभ असा की, राजाला कोणाचे मत खोडून काढण्याची गरज पडली नाही. तोटा असा की, चीनमध्ये सामान्य घरातील हुशार मुलाला परीक्षेच्या मार्गाने, क्वचित का होईना, जी वाट मोकळी होती तशी वाट येथे नव्हती. हडपवळ वासुदेव मंदिर बांधू शकला. सामंत होण्यासाठी त्याला जन्मच वेगळा घ्यावा लागला असता.

सलोख्याच्या मर्यादा :

हा सलोखा त्या काळाचा सर्वसाधारण गुण होता असे मानणे चुकीचे ठरेल. आजच्या हावेरी जिल्ह्यातील अब्बलूर येथील लेखात एकांतद रामय्या या शैव भक्ताची कथा कोरलेली आहे. जैनांशी झालेल्या पैजेत त्याने आपले मस्तक छेदून शिवकृपेने ते परत मिळविले व जिनमूर्तीचा विध्वंस केला, असे त्यात वर्णन आहे आणि प्रसंग बिज्जलाच्या काळातील सांगितला आहे. चमत्कार बाजूस ठेवला तरी तंट्याची वस्तुस्थिती उरते. ज्या बिज्जलास विजयादित्याने साह्य केले त्याच्याच राज्यात हे घडत होते. कल्याणीत बसवेश्वरांच्या चळवळीने जातिव्यवस्थेच्या मुळाशी हात घातला तो काळही हाच. अशा वेळी शिलाहार राज्यात शैव, जैन आणि ब्राह्मणी देवस्थानांना एकाच वेळी दाने मिळत राहिली यास राजाचे औदार्य कारण असेल. पण गावुंड, सामंत आणि व्यापारी हे तीन वर्ग पंथांच्या रेषेवर विभागले गेले नव्हते, हे त्याहून मोठे कारण होते. अब्बलूरला ती रेष पडली, कोल्हापूरला पडली नाही.

ब्राह्मणवर्गाचे स्थानही या चित्रात उणे नव्हते. दुसऱ्या भोजाचा महालक्ष्मी मंदिरातील लेख (शके १११२ ते १११५) आणि कशेळी ताम्रपट (शके १११३) यांत देवपूजेबरोबर ब्राह्मणभोजनाची कायमची तरतूद आहे. लेखातील 'घैसास' हे उपपद आज आडनाव म्हणून परिचित आहे. जैन वसदीस पाव निवर्तन आणि ब्राह्मणभोजनासाठी अख्खे गाव, हे प्रमाण दृष्टिआड करता येत नाही. तिन्ही पंथ मान्य होते. तिघांचे वजन सारखे नव्हते.

भोजाचा अखेरचा काळ :

शके ११२७ (इ. स. १२०५) मध्ये आजऱ्याच्या 'त्रिभुवनतिलक' जिनालयात बसून सोमदेव या जैन विद्वानाने जैनेंद्र व्याकरणाच्या परंपरेतील 'शब्दार्णवचंद्रिका' हा ग्रंथ पूर्ण केला. मंदिर गंडरादित्याने बांधलेले, राज्य भोजाचे. शंभर वर्षांपूर्वीचे एक दान अद्याप चालू होते आणि त्याच्या आश्रयाने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास होत होता, एवढे या नोंदीवरून निश्चित कळते. सह्याद्रीच्या उतरणीवरील आजऱ्यासारख्या ठिकाणी व्याकरणग्रंथ रचला जावा, हे त्या काळच्या ज्ञानकेंद्रांच्या विखुरलेपणाचे लक्षण आहे.

यानंतर अवघ्या काही वर्षांत, सुमारे इ. स. १२१२ मध्ये, देवगिरीच्या यादव सिंघणाने भोजाचा पराभव करून पन्हाळा घेतला. यादवांच्या लेखात सिंघणास गरुडाची आणि पन्हाळ्याच्या भोजास पळून जाणाऱ्या सापाची उपमा दिली आहे. ज्या घराण्याच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता त्याला साप ठरविणारा हा प्रशस्तिकार शत्रूची बिरुदे चांगली जाणून होता.

सत्ता बदलली तरी दानाची रीत थांबली नाही. कृष्णाकाठच्या खिद्रापूर येथे कोपेश्वराचे भव्य शिवमंदिर आहे आणि त्याच गावात आदिनाथाचे जैन मंदिरही आहे. कोपेश्वराच्या मंदिरावर शके ११३६ (इ. स. १२१३-१४) चा लेख आहे. त्यात मिरिंज देशातील कूडलदामवाड हे गाव देवास दिल्याची नोंद आहे. दान देणारा राजा आहे यादव सिंघण. भोजाचे नाव त्या लेखात दाता म्हणून येत नाही.